भीमगीतांची कॅसेट आणि आपली समीक्षा

१

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता वाचली, आत्मकथने वाचली, कथा-नाटकांचा विचार केला. पण गाणे ऐकले नाही. माझे हे विधान काहींना अन्यायाचे वाटेल. वामनदादा कर्डकांवर लेख लिहिले गेले आहेत. डॉ. कृष्णा किरवले यांचा 'आंबेडकरी शाहिरी : एक शोध' हा ग्रंथ आहे. शर्मिला रेगे यांनी जलसे, गायनपार्ट्या आणि गाण्यांच्या पुस्तिका यांकडे समाजशास्त्राच्या अंगाने पाहिले आहे. हे श्रम मोलाचेच आहेत. पण त्यांतून तपासले गेले ते प्रामुख्याने गाण्याचे शब्द आणि त्या शब्दांमागची चळवळ. जी वस्तू आमच्या वस्त्यांत घरोघर पोचली ती वस्तू, म्हणजे ध्वनिमुद्रित भीमगीत, आधी तबकडी आणि नंतर कॅसेट, ती कलाकृती म्हणून हाती घेतली गेली नाही. एका कॅसेटमध्ये कोणती गाणी आहेत, ती याच क्रमाने का आहेत, लोकांनी त्यांतले कोणते उचलले आणि कोणते टाकले, चाल कुठून आली, झील कोणी धरली, ढोलकी कोणाची, हे प्रश्न आपल्या समीक्षेला पडलेच नाहीत. नियतकालिकांचे जुने अंक चाळताना कवितासंग्रहांची परीक्षणे पानोपानी सापडतात. कॅसेटचे परीक्षण मला अद्याप सापडलेले नाही.

प्रश्न केवळ नोंदींचा नाही. ज्याचे परीक्षण होत नाही ते साहित्य ठरत नाही. जे साहित्य ठरत नाही ते अभ्यासक्रमात येत नाही. आणि जे अभ्यासक्रमात येत नाही ते पुढच्या पिढीला आपल्या बापजाद्यांच्या करमणुकीचे सामान वाटू लागते. मी इगतपुरीत मराठी शिकवतो. माझ्या वर्गातील अनेक मुलांच्या घरात पहिले साहित्य आले ते पुस्तकाच्या रूपाने नव्हे, तर कॅसेटच्या रूपाने. माझ्या घरातही तसेच आले. माझे वडील रेल्वेत ट्रॅकमन होते. त्यांना सहीपुरते लिहिता येई. गाणी मात्र शे-दीडशे पाठ होती. घरात पुस्तकांचे कपाट नव्हते; पत्र्याच्या पेटीत कॅसेटी होत्या. त्या पेटीला ग्रंथालय म्हणायचे की नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२

समीक्षा एखाद्या ध्वनिमुद्रिकेसाठी काय काय करू शकते हे आधी पाहू. उदाहरण मुद्दाम दूरचे घेतो.

आमच्याकडच्या तरुण मुलांच्या अंगात अलीकडे एक काळा टी-शर्ट दिसतो. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'निर्वाणा' असे लिहिलेले असते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाटते, पोरे धम्माच्या मार्गाला लागली. शब्द आपलाच आहे. पण नाव आहे अमेरिकेतल्या एका वाद्यवृंदाचे. वॉशिंग्टन राज्यातील ॲबरडीन या लाकूड-धंद्याच्या, पडत्या काळ पाहिलेल्या गावातील पोरांनी तो उभा केला. ते ज्या प्रकारचे संगीत वाजवीत त्याला ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. बड्या कंपन्यांच्या चकचकीत मालाबाहेर, छोट्या कंपन्या आणि कॉलेजांची नभोवाणी केंद्रे यांच्या आधाराने वाढलेले, असा त्याचा अर्थ. म्हणजे तेही एका अर्थी वेशीबाहेरचेच गाणे होते.

या वाद्यवृंदाची 'नेव्हरमाइंड' ही ध्वनिमुद्रिका २४ सप्टेंबर १९९१ रोजी निघाली. तिच्या आधी दोन आठवडे, १० सप्टेंबरला, तिच्यातले एक गाणे सुटे काढले होते. अशा सुट्या गाण्याला तिकडे 'सिंगल' म्हणतात. बाजाराची नाडी त्यावर पाहतात. नंतर आणखी तीन गाणी सुटी निघाली. अमेरिकेत पहिल्या खेपेला साधारण ४६ हजार प्रती काढल्या होत्या. ११ जानेवारी १९९२ च्या 'बिलबोर्ड' यादीत तिने मायकेल जॅक्सनला खाली सारून पहिला क्रमांक घेतला. 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने सुरुवातीच्या परीक्षणात तिला पाचपैकी तीनच तारे दिले होते. त्याच नियतकालिकाने २०२० साली सर्वकालीन ५०० ध्वनिमुद्रिकांच्या यादीत तिला सहावे स्थान दिले. ध्वनिमुद्रण कोणत्या स्टुडिओत झाले, आवाजांचे अंतिम मिश्रण कोणी केले, ते मिश्रण जास्तच गुळगुळीत झाले असे गायकाला पुढे का वाटले, सारे लिहिलेले आहे. त्यांची आधीची ध्वनिमुद्रिका १९८९ ची. ती करण्यास किती खर्च आला? ६०६ डॉलर १७ सेंट. सेंटापर्यंत हिशेब आहे!

आता आपल्याकडे या. ज्या भीमगीतांवर चार पिढ्या वाढल्या त्यांतल्या किती कॅसेटींची तारीख आपल्याला सांगता येईल? किती प्रती निघाल्या? ढोलकीवाल्याचे नाव काय? त्याला बिदागी किती मिळाली? रुपया-पैसा दूरच, साल तरी?

वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कायम जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या २००४ सालच्या यादीत 'नेव्हरमाइंड'चा समावेश केला. आपली सर्वांत मोठी लेखणी आणि सर्वांत मोठा गळा ज्या साली मातीआड झाले, त्याच सालच्या यादीत तिकडे तेरा वर्षांपूर्वीची एक ध्वनिमुद्रिका राष्ट्राची ठेव ठरली. त्यांचे कौतुक करावे म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांच्या समीक्षकांनीही आधी चूक केली होती. पण ती चूक लिहिलेली होती, म्हणून दुरुस्त करता आली. आपल्याकडे दुरुस्त करायला चूकसुद्धा लिहिलेली नाही.

३

असे का झाले? प्रस्थापित मराठी समीक्षेने दुर्लक्ष केले, हे उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपीठा' आला. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना त्याला होती. त्याच्या भाषेवर, प्रतिमांवर, शिव्यांवर मराठीत वाद झडले आणि ते झडायलाच हवे होते. १९७३ साली वामनदादांचा 'वाटचाल' हा गीतसंग्रह आला. दोन पुस्तकांत एका वर्षाचे अंतर. लिहिणारे दोघेही गावकुसाबाहेरचे, दोघांनाही मुंबईने घडवलेले. वामनदादा तर नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याच्या देशवंडीचे. मोठेपणी मुंबईत येऊन अक्षर शिकले आणि १९४३ पासून गाणी रचू लागले. पहिले पुस्तक मराठी कवितेचा इतिहास बदलणारे ठरले. दुसरे जयंतीच्या रात्रीपुरते राहिले. पहिल्यावर बोलणाऱ्यांत आपले समीक्षक होते. दुसऱ्यावर मौन पाळणाऱ्यांतही आपलेच समीक्षक होते.

या मौनाला माझ्या मते एक वर्गीय कारण आहे. शिकून वर आलेल्या आपल्या पहिल्या पिढीला विद्यापीठाच्या दारात उभे राहून सिद्ध करायचे होते की, आम्हीही साहित्य लिहितो. त्या दाराला मुक्तछंद कळत होता, ढोलकी कळत नव्हती. मग आपण कविता पुढे केली आणि ढोलकी मागच्या दाराशी ठेवली. परिस्थिती तशी होती, हे मान्य. पण आज ते दार आपल्यासाठी निदान किलकिले आहे. ढोलकी अजून मागच्या दाराशीच का?

वास्तविक आंबेडकरी चळवळीची पहिली वाङ्मयीन निर्मिती जलशाची आहे. सत्यशोधकी जलशाने वाट घालून दिली होती. तमाशाचा साचा घेतला, त्यातला देव आणि शृंगार काढला, त्या जागी प्रश्न बसवला. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी हाच साचा बाबासाहेबांच्या लढ्याला जोडला. ज्या जिल्ह्यात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १९३५ साली येवल्याची घोषणा झाली, त्या जिल्ह्यात हे गाणे वाढले हा योगायोग नव्हे. वृत्तपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला सत्याग्रहाचे कारण जलसा सांगत होता. भीमगीत या जलशाचा वारस आहे. तेव्हा दलित साहित्याचा आरंभ कवितेपासून मोजणे म्हणजे नातवापासून वंशावळ सुरू करणे होय.

४

भीमगीतावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. ते लेखी क्वचितच येतात. चहाच्या टेबलावर येतात. म्हणून त्यांचा समाचार लेखी घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप : चाल उसनी असते, चित्रपटातून उचललेली. 'नेव्हरमाइंड'मधील जे गाणे सर्वाधिक गाजले त्याविषयी गायक कर्ट कोबेनने पुढे मुलाखतीत उघड सांगितले की, 'पिक्सीज' या दुसऱ्या वाद्यवृंदासारखे गाणे करण्याचा तो प्रयत्न होता. तिकडच्या समीक्षेने याला 'प्रभाव' म्हटले आणि त्यावर अभ्यास केला. आमच्या शाहिराने चाल घेतली की ती 'नक्कल' ठरते. पण उसनी चाल काय काम करते हे पाहावे. ज्या श्रोत्याजवळ पाटी-पुस्तक नाही त्याच्याजवळ चाल मात्र आहे, आधीच पाठ आहे. त्या चालीवर नवे शब्द ठेवले की ते एका ऐकण्यात पाठ होतात. छापखान्याचे काम चाल करते. शिवाय श्रोत्याला मूळ गाणे ठाऊक असते. जिथे नायिकेचे लाडिक आर्जव होते तिथे आता चवदार तळे आले, हे त्याला जाणवते. आणि त्या अदलाबदलीतच अर्थ असतो. बाजाराने विकलेली वस्तू घेऊन तिच्यात आपला आशय भरणे ही दारिद्र्याची खूण नव्हे, ती एक रीत आहे. आपल्या समीक्षेने तिला अजून नावही दिलेले नाही.

दुसरा आक्षेप : हा प्रचार आहे. असेल. पण वामनदादांनी बड्या भांडवलदारांची नावे घेऊन देशाच्या संपत्तीतील आपल्या वाट्याचा जाब विचारला, तो प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात असता तर आपण त्याला विचार म्हटले असते. ढोलकीवर आला म्हणून प्रचार झाला. याच वामनदादांचे गीत 'सांगते ऐका' (१९५९) या चित्रपटात आले तेव्हा महाराष्ट्राने ते आवडीने ऐकले. गीतकार कोण, हे विचारले नाही.

तिसरा आक्षेप : व्यक्तिपूजा. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. पण ज्यांनी सगळी भीमगीते न ऐकताच एका शब्दात निकालात काढली, त्यांना हा आक्षेप घेण्याचा अधिकार नाही. चांगले आणि वाईट वेगळे करणे हेच समीक्षेचे काम. न ऐकता फेटाळणे हा विटाळ झाला.

५

आता कॅसेट ही वस्तू प्रत्यक्ष पाहू.

कॅसेटच्या आधी तबकडी होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. रात्रभर चालणारा जलसा साडेतीन मिनिटांत कसा बसणार? गण गेला, बतावणी गेली, वग गेला. ध्रुवपद आणि तीन-चार कडवी राहिली. शिवाय काय ध्वनिमुद्रित करायचे हे कंपनी ठरवणार आणि देशात त्या वेळी एकाच कंपनीची मक्तेदारी. या काळात प्रल्हाद शिंदे यांनी पंढरीची भक्तिगीतेही गायिली आणि भीमगीतेही. त्यांच्या आवाजातली पंढरीच्या वाटेची गाणी आजही आषाढीला मराठी घराघरांत लागतात. त्याच घरांत त्यांच्या भीमगीतांना प्रवेश नाही. एकाच गळ्याची दोन गाणी : एक दिवाणखान्यात, दुसरे वेशीबाहेर. जातिव्यवस्था कानांतही असते याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

१९८० नंतर कॅसेट आली आणि मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातील कॅसेटींवर १९९३ साली एक ग्रंथच लिहिला. थोड्या भांडवलावर कोणीही कॅसेट काढू शकत होता, म्हणून प्रादेशिक आणि छोट्या समूहांचे आवाज बाजारात आले, हे त्याने दाखवले. महाराष्ट्रात या संधीचा सर्वाधिक उपयोग ज्यांनी केला त्यांत आपले गायक होते. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. तबकडीने जे कापले होते ते कॅसेटने काही प्रमाणात परत दिले : कव्वालीची लांबण, शेरोशायरी, गाण्याआधीचे निवेदन, महूपासून दीक्षाभूमीपर्यंतची सलग कथा.

इगतपुरी हे रेल्वेचे गाव. मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला जोड-इंजिने लागत, ती घाट चढून वर येई आणि इथे अनेक वर्षे वीजप्रवाहाची पद्धत बदलत असल्याने तिचे इंजिन बदलावे लागे. गाड्या थांबत, माणसे उतरत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळच्या पदपथावर घेतलेली कॅसेट ७ डिसेंबरला आमच्या वस्तीत वाजत असे. एकाच्या घरची कॅसेट दहा घरांत फिरे. बाजारातल्या दुकानात तिची दुसरी प्रत भरून मिळे. आवरण हरवे, नाव पुसले जाई, चिकटपट्टीवर बॉलपेनने 'भीमगीते - ३' एवढेच उरे.

वडिलांच्या पेटीतल्या ज्या कॅसेटी अजून वाजतात त्या मी एकेक करून ऐकल्या. दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली : क्रमाला अर्थ आहे. पहिल्या बाजूला बहुधा आधी बुद्धवंदनेचे गीत, मग बाबासाहेबांचा जन्म, लढे, दीक्षा. दुसऱ्या बाजूला घर : रमाई, दारू सोडण्याचा उपदेश, मुलीला शाळेत घालण्याचे आवाहन, नवरा-बायकोची सवाल-जबाबी. सार्वजनिक इतिहासातून स्वतःच्या चुलीपर्यंत येण्याचा हा प्रवास आहे. कवितासंग्रहातील क्रमाची चर्चा करणाऱ्या आपण या क्रमाची चर्चा का करू नये? आणि इथे 'सिंगल' कोणते? ते कंपनीने काढलेले नसते, लोकांनी ठरवलेले असते. जे गाणे पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकले तिथे फीत ताणली जाते आणि आवाज डुलू लागतो. कॅसेट लावा आणि आवाज कुठे डुलतो ते पाहा; लोकांनी दिलेला अभिप्राय तिथे आहे.

दुसरी गोष्ट नाममुद्रेची. वामनदादांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. अभंगात संत नाव गुंफत, गझलेच्या मक्त्यात शायर नाव घेतो. ती परंपरा इथे आहेच. पण मला त्यात आणखी एक गरज दिसते. कॅसेटच्या आवरणावर गायकाचा फोटो असे, कंपनीचे बोधचिन्ह असे. गीतकाराचे नाव असेलच याची खात्री नसे. प्रतीची प्रत निघाली की तेही जाई. अशा बाजारात ज्याने आपले नाव गाण्याच्या आतच शिवून ठेवले त्याचे नाव कोणाला काढता आले नाही. आवरण फाटले, चिकटपट्टी सुटली, तरी 'वामन' शिल्लक आहे. ज्याला कोणी पावती देणार नाही हे ठाऊक होते, त्याने पावती मालातच विणली. याला मी शैली म्हणतो, आणि शैलीची ही अशी कारणे सांगणे हे आपले काम आहे.

६

समीक्षकांनी ऐकले नाही, पण इतर काहींनी फार लक्षपूर्वक ऐकले.

पोलिसांनी ऐकले. कबीर कला मंचाच्या कलावंतांवर गुन्हे दाखल झाले. शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ साली विधानभवनासमोर हजर झाले. त्याच वर्षी मंचाच्या काही कलावंतांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. गाण्यात काय म्हटले आहे याची चर्चा साहित्याच्या मासिकात होण्याऐवजी न्यायालयात झाली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाचा विषय हाच आहे : लोकशाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप आणि त्याचा रखडत चाललेला खटला. त्यातली गाणी संभाजी भगत यांची आणि शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोकांनी दिग्दर्शनावर लिहिले, अभिनयावर लिहिले. गाण्यांवर किती लिहिले?

चित्रपटवाल्यांनीही ऐकले. शाहीर विलास घोगरे यांनी ११ जुलै १९९७ च्या रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारानंतर चारच दिवसांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज पुढच्या पिढीला ऐकू येतो तो आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांमुळे. 'जय भीम कॉम्रेड' (२०११) घोगरे यांच्यापासूनच सुरू होतो. आवाज जपण्याचे काम कॅमेऱ्याने केले. आपल्या लेखणीने नाही.

आणि आता गिटार आली आहे. ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या वाद्यवृंदाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी तो उभा केला. नाव पंडित अयोतीदास यांच्या जातिभेदविरहित तमिळ या कल्पनेवरून घेतले. त्यात रॉक आहे, रॅप आहे आणि उत्तर चेन्नईच्या दलित वस्त्यांतला, प्रेतयात्रेत गायिला जाणारा 'गाना' आहे. देशभरच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. घ्यायलाच हवी होती. ती गाणी उत्तम आहेत. पण 'गाना' त्याआधी कित्येक पिढ्या त्याच वस्त्यांत होता, तेव्हा तो गोंगाट होता. गिटारशेजारी उभा राहिल्यावर तो संगीत झाला. आपल्याकडेही तरुण मुले गिटार आणि रॅप घेऊन उभी राहत आहेत. त्यांना माझा विरोध नाही, उलट मी त्यांच्या बाजूचा आहे. माझा प्रश्न ऐकणाऱ्यांना आहे : तुम्ही आशय ऐकता की वाद्य? आशय ऐकत असाल तर तो ढोलकीवर तुम्हाला का ऐकू आला नाही?

७

समीक्षा म्हणजे आरती नव्हे. म्हणून भीमगीताचे दोषही आपणच सांगितले पाहिजेत.

व्यक्तिपूजेचा आक्षेप अनेक गाण्यांना लागू पडतो. ज्या माणसाने विभूतिपूजेच्या धोक्याचा इशारा दिला, त्याला कित्येक गाण्यांनी अवतार केले. जुन्या जलशात बाबासाहेब प्रश्न विचारायला शिकवत. नव्या कित्येक गाण्यांत ते केवळ झळकतात. प्रश्न गेला, प्रभावळ आली. भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांच्या मिरवणुकीत शब्द ऐकूच येईनासे झाले, तेव्हा शब्दांवर मेहनत करण्याचे कारणही उरले नाही. वामनदादांच्या ओळीत जो घट्टपणा आहे तो याच मापाने मोजून, कोणाची ओळ कशी सैल पडली हे नावानिशी सांगणारा समीक्षक हवा.

दुसरा दोष स्त्रीविषयीचा. रमाईची गाणी ऐका. गोवऱ्या, उपवास, ठिगळाचे लुगडे, मूक सोसणे. दुःख खरे आहे. पण गाणी त्या दुःखाची पूजा बांधतात आणि ऐकणाऱ्या बाईला सांगतात की, तूही अशीच सोस. ज्या चळवळीने बायकांना सभेत आणले, त्या चळवळीच्या गाण्यात बाई चुलीपुढेच बसलेली असावी, हे चालणार नाही. म्हणूनच एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज मोबाइलवरून घरोघर गेला, ही घटना मला मोठी वाटते. तिथे बाई गाण्याचा विषय नाही, गाणारी आहे. बाबासाहेबांमुळे आपल्याला काय मिळाले याचा हिशेब ती स्वतः मांडते. तिचे गाणे किती लोकांनी पाहिले हा आकडा पडद्यावर दिसतो. पण आकडा म्हणजे अभिप्राय नव्हे. त्या आवाजात काय आहे, एकतारीने ढोलकीला बाजूला सारल्यावर शब्दाला कशी जागा मिळाली, हे कोणी लिहायचे?

८

काम अवघड नाही, हे दाखवणारे उदाहरण आपल्याच मातीत आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदले. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यांत आहेत. आज त्या कोणालाही ऐकता येतात. जात्यावरच्या बाईचे नाव नोंदता येते, तर कॅसेटवरच्या गायकाचे, गीतकाराचे, ढोलकीवाल्याचे का नाही?

हे तातडीने व्हायला हवे, याचे एक अगदी साधे कारण आहे. जगाला इगतपुरी ठाऊक आहे ती धम्मगिरीच्या मौनासाठी आणि पावसासाठी. इथे पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतो. पेटीतल्या फितीवर पांढरी बुरशी धरते, फीत एकमेकींना चिकटते आणि वाजवायला गेले की तुटते. वडिलांच्या पेटीतल्या एकतीस कॅसेटींपैकी आज अकरा वाजतात. वीस गेल्या. त्यांत काय होते हे आता कोणी सांगू शकत नाही, कारण कोणी लिहिलेले नव्हते. ज्या घरांत पेट्या आहेत त्या प्रत्येक घरात दर पावसाळ्याला हेच घडते आहे.

म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांपुढे, विशेषतः माझ्यासारख्या शिक्षकांपुढे, मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली : या पानांवर पुस्तक-परीक्षणाशेजारी ध्वनिमुद्रण-परीक्षण सुरू व्हावे. एका अंकात एक जुनी कॅसेट. गाणी, क्रम, चाल, वादक, साल, आणि ती बरी आहे की वाईट याचा स्पष्ट निवाडा. दुसरी : आपल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी आपण तेच ते दहा कवी देतो. त्याऐवजी स्वतःच्या घरातली एक कॅसेट द्यावी. आजीला विचार, हे गाणे कधी आणले, कोणी आणले, कोणते कडवे पाठ आहे आणि तेच का. तिसरी : जिवंत असलेल्या वादकांची आणि कोरसमध्ये गाणाऱ्यांची नावे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावीत. गायकांचे फलक लागतात. झील धरणाऱ्यांची नावे त्यांच्याबरोबर जातात.

माझ्या वर्गातल्या नऊ मुलांनी यंदा हे काम घेतले आहे. त्यांच्यापैकी एकाच्या अंगात तो 'निर्वाणा'चा टी-शर्ट असतो. त्याने पहिल्या आठवड्यात लिहून आणलेल्या कागदावर गाण्याचे नाव होते, गीतकाराचे नाव होते, साल अंदाजे होते आणि ढोलकीपुढची जागा कोरी होती. मी ती कोरी जागा तशीच ठेवायला सांगितली आहे. ढोलकीवाला नाशिकरोडला राहतो असे त्याच्या आजोबांचे म्हणणे आहे. येत्या रविवारी आम्ही त्याला शोधायला जाणार आहोत.